शिशाचा एक कण
छोट्या रेल्वे-इंजिनांच्या दोषांचा मागोवा

हॉर्नबी कंपनीने क्लास ३१ या ब्रिटिश डिझेल इंजिनाची प्रतिकृती २००५ मध्ये बाजारात आणली, तेव्हा शौकिनांनी तिचे मनापासून कौतुक केले. खिडक्यांच्या कडा, छतावरचे पंखे, बाजूच्या जाळ्या, सगळे मूळ इंजिनाच्या मापाबरहुकूम होते. काही वर्षे गेली आणि काही खेपांमधल्या इंजिनांना रोग लागल्याचे दिसू लागले. कपाटात जपून ठेवलेल्या इंजिनाची आतली धातूची चासी फुगू लागली, लांबीला वाढली, मधोमध बाक घेऊ लागली. त्या दाबाने वरचे प्लॅस्टिकचे कवच ताणले गेले. शेवटी चासीला तडे गेले आणि तिचे तुकडे हातात आले. हे इंजिन कोणाच्या हातून पडले नव्हते. खोक्यातून क्वचितच बाहेर काढलेली इंजिनेही यातून सुटली नाहीत.

माल चीनमधल्या कारखान्यात बनलेला होता. त्यामुळे निकाल लगेच लागला: परदेशात स्वस्तात करून घेतले की असेच व्हायचे. हा निकाल सोपा आहे, पण या रोगाचा इतिहास त्याला दुजोरा देत नाही. नेमका हाच रोग त्याच्या सुमारे सत्तर वर्षे आधी लिव्हरपूलमध्ये, हॉर्नबीच्या मूळ कारखान्यात, इंग्रज कामगारांनी ओतलेल्या मालाला जडला होता. आणि परदेशातून माल बनवून घेण्याची पद्धत तर त्याहूनही जुनी आहे. म्हणून दोष कोणत्या देशाचा, हा प्रश्न बाजूला ठेवून दोष कुठून आत शिरतो आणि कोणाच्या नजरेतून निसटतो, याचा माग काढायला हवा.

न्यूरेंबर्गचा माल, नॉर्दम्प्टनचे नाव

छोट्या रेल्वेचा धंदा जर्मनीत आकाराला आला. ग्योपिंगन गावची मेर्कलिन कंपनी १८५९ पासून बाहुलीघरासाठी पत्र्याची भांडीकुंडी बनवत असे. १८९१ च्या लाइपझिगच्या व्यापारी जत्रेत तिने चावीवर धावणारी गाडी आणि इंग्रजी आठच्या आकाराचा रूळमार्ग मांडला. गाडीपेक्षाही महत्त्वाची होती त्यामागची कल्पना. रुळांची रुंदी ठरलेल्या मापांची होती आणि डबे, सांधे, रूळ वेगवेगळे विकत घेऊन मार्ग वाढवत नेता येत होता. खेळण्याला प्रमाण माप मिळाले आणि मापासोबत दर्जाचा प्रश्नही जन्माला आला. आज घेतलेला डबा गेल्या वर्षीच्या रुळावर धावलाच पाहिजे, ही अपेक्षा तेव्हापासूनची.

त्याच काळात ब्रिटन जर्मन मालाने धास्तावले होते. १८८७ च्या मर्चंडाइझ मार्क्स कायद्याने परदेशी मालावर मूळ देशाचे नाव छापणे भाग पडले. 'मेड इन जर्मनी' हा शिक्का ब्रिटिश ग्राहकाला सावध करण्यासाठी होता. गिऱ्हाइकाने मात्र तो शिक्का पाहून माल टाळला नाही. पाहता पाहता तो चांगल्या मालाची खूण ठरला.

डब्ल्यू. जे. बॅसेट-लोक हा नॉर्दम्प्टनचा उद्योजक १९०० च्या पॅरिस प्रदर्शनाला गेला आणि तिथे त्याने न्यूरेंबर्गच्या बिंग कंपनीचे काम पाहिले. बिंगची गणना तेव्हा जगातल्या सर्वांत मोठ्या खेळणी-कारखान्यांत होत असे. बॅसेट-लोकने ब्रिटिश इंजिनांच्या प्रतिकृती बिंगकडून बनवून घ्यायला सुरुवात केली. म्हणजे इंग्रज मुलाच्या हातात जी इंग्रज रेल्वेची प्रतिकृती पडत होती, ती विसाव्या शतकाच्या पहिल्या वर्षांपासूनच परदेशी बनावटीची होती.

तरीही तो माल आजच्या संग्राहकांना मोलाचा वाटतो. त्याचे एक कारण हेन्री ग्रीनली हा माणूस. ग्रीनलीचा रेल्वे अभियांत्रिकीचा अभ्यास होता आणि छोट्या इंजिनांची रेखाटने करण्यात त्याचा हात धरणारे कोणी नव्हते. चाकांचा व्यास, बॉयलरची उंची, धुराड्याचे प्रमाण त्याने आखून द्यायचे आणि न्यूरेंबर्गच्या पत्राकाम करणाऱ्यांनी ते उतरवायचे, अशी वाटणी होती. खऱ्या इंजिनाची जाण असलेला माणूस, हातात कसब असलेला कारखाना आणि दोघांमधला सततचा संवाद, या तीन गोष्टी तिथे होत्या. या धंद्यात पुढे जेव्हा जेव्हा दर्जा ढासळला, तेव्हा या तिन्हींपैकी एक गळाली होती.

लिव्हरपूलमधले जस्त

पहिल्या महायुद्धानंतर जर्मन मालाविषयी ब्रिटनमध्ये राग होता. मेकॅनोचा जनक फ्रँक हॉर्नबी याने १९२० मध्ये स्वदेशी रेल्वेगाड्या आणल्या. लिव्हरपूलच्या बिन्स रोडवरचा कारखाना ब्रिटिश मुलांच्या ओळखीचा झाला. १९३८ मध्ये तिथूनच हॉर्नबी डब्लो ही टेबलावर मावणारी छोटी रेल्वे निघाली. सर नायजेल ग्रेस्ली हे नाव मिरवणारे निमुळत्या तोंडाचे इंजिन तिच्यात होते. त्याचे कवच पत्र्याचे नव्हते. वितळवलेली जस्ताची मिश्रधातू पोलादी साच्यात दाबाने भरून ते घडवले होते.

ही डाय-कास्टिंगची पद्धत खेळण्यांच्या धंद्याला वरदान ठरली. जस्त कमी तापमानाला वितळते, साच्याच्या कोपऱ्याकोपऱ्यात शिरते, रिबीटची बारीक डोकीसुद्धा हुबेहूब उठतात. साचा एकदा बनवला की हजारो नग निघतात. पण सुरुवातीच्या जस्त-ओतकामात एक दगाबाजी लपलेली होती. काही महिन्यांत, काही वर्षांत भाग सुजत, त्यांच्या पृष्ठभागावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा उमटत आणि भुगा होई. १९२० च्या दशकात धातुशास्त्रज्ञांना कारण सापडले. मिश्रणातल्या शिशासारख्या अशुद्धी धातूच्या स्फटिककणांच्या सीमांवर जमतात. दमट हवेत तिथून गंज आत सरकतो, गंजाचे आकारमान मूळ धातूपेक्षा मोठे असते आणि कण एकमेकांपासून उचकटले जातात.

उपायही सापडला. न्यू जर्सी झिंक कंपनीने १९२९ मध्ये झमॅक नावाच्या मिश्रधातू आणल्या. त्यांचा पाया होता ९९.९९ टक्के शुद्ध जस्त, त्यात साधारण चार टक्के अ‍ॅल्युमिनियम आणि अगदी थोडे मॅग्नेशियम. शिशाची मर्यादा टक्क्याच्या हजाराव्या भागांत मोजावी लागते. म्हणजे डब्लो बाजारात आली तेव्हा रोगाचे निदान होऊन गेले होते आणि औषधही उपलब्ध होते. तरी युद्धापूर्वीच्या डब्लोची अनेक इंजिने आणि चाके आज भुगा होऊन पडली आहेत. बिन्स रोडवरच बनणाऱ्या डिंकी नावाच्या खेळण्यातल्या मोटारींची तीच कथा. अमेरिकेत लायोनेल कंपनीच्या युद्धपूर्व इंजिनांची चाके संग्राहकांना बदलून घ्यावी लागतात. संग्राहक याला 'मेटल फटीग' म्हणत आले, पण ताण पडून थकलेली ही धातू नव्हे. तिला जन्मतःच लागण झालेली असते.

शिसे आत येते कसे, हे कोल्हापूरच्या फाउंड्रीत काम केलेल्या कोणालाही समजावून सांगावे लागणार नाही. प्रत्येक ओतकामानंतर रनरचे, म्हणजे साच्यात धातू नेणाऱ्या वाटेत थिजलेल्या धातूचे, आणि फुकट गेलेल्या नगांचे तुकडे उरतात. ते पुन्हा भट्टीत जातात. त्या भंगारात सोल्डर लागलेला एखादा भाग, दुसऱ्या धातूचा तुकडा किंवा बाहेरून आणलेले हलके जस्त मिसळले, की संपूर्ण घाणा बिघडतो. डोळ्यांना काही कळत नाही. नग साच्यातून चकचकीत निघतो, मापात बसतो, रंग घेतो, रुळावर धावतो. बिघाड उघड व्हायला पाच, दहा, कधी तीस वर्षे जातात. तोवर भट्टीवरचा माणूस निवृत्त झालेला असतो आणि कधी कधी कारखानाही बंद पडलेला असतो.

दमट आणि उष्ण हवा या रोगाला वेग देते. म्हणून मुंबईत किंवा कोकणात ज्यांच्याकडे अशी जुनी इंजिने आहेत त्यांनी ती कोरड्या जागी ठेवणे चांगले. पण कोरडी जागा रोग लांबवते, बरा करत नाही. एकदा ओतलेल्या भागातून शिसे काढता येत नाही.

टोकियो आणि तिहुआना

दुसऱ्या महायुद्धानंतर परदेशी बनावटीचा एक वेगळा अध्याय जपानमध्ये सुरू झाला. टोकियोच्या गिंझा भागातील तेन्शोदो हे दुकान तिथे तैनात असलेल्या अमेरिकी सैनिकांना पितळी इंजिने विकू लागले. पुढे पॅसिफिक फास्ट मेलसारख्या अमेरिकी आयातदारांनी जपानी कारागिरांकडून अमेरिकी वाफेच्या इंजिनांच्या प्रतिकृती नियमितपणे करून घेतल्या. छोट्या कार्यशाळांमध्ये पितळी पत्रा कापून, वाकवून, डाग देऊन एकेक इंजिन उभे राहत असे.

सुरुवातीच्या या इंजिनांत मोटारी जाड्याभरड्या होत्या आणि गिअरबॉक्स आवाज करत. पण पद्धत चांगली होती. अमेरिकेतून मूळ इंजिनाची रेखाटने आणि छायाचित्रे जात. जपानमधून आधी एक नमुना इंजिन येई. अमेरिकेतले जाणकार ते तपासून चुका कळवत आणि मगच पुढचे नग बनत. कालांतराने येन महागला, मजुरी वाढली आणि पितळी इंजिनांचे काम दक्षिण कोरियात सरकले. सामहोंग्सासारख्या कोरियन कारखान्यांनी ते आणखी बारकाईने केले. काम देश बदलून गेले, पण सोबत नमुना तपासण्याची शिस्तही गेली. त्यामुळे पितळी इंजिनांचा दर्जा स्थलांतरात वाढतच गेला.

याच्या अगदी उलट घडले ते लायोनेलच्या बाबतीत. जोशुआ लायोनेल कोवेनने १९०० मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू केलेली ही कंपनी अमेरिकेतल्या कित्येक पिढ्यांच्या नाताळाशी जोडली गेली होती. १९८० च्या दशकारंभी तिच्या गाड्या जनरल मिल्स या खाद्यपदार्थांच्या बलाढ्य कंपनीच्या ताब्यात होत्या. खर्च वाचवण्यासाठी १९८२-८३ मध्ये उत्पादन मिशिगनमधल्या माउंट क्लेमेन्सहून मेक्सिकोतील तिहुआनाला हलवले गेले. साचे आणि यंत्रे सीमेपलीकडे गेली. त्या यंत्रांवर हात बसलेली माणसे मात्र बहुतेक मिशिगनमध्येच राहिली.

माल उशिरा येऊ लागला आणि जो आला त्यावर तक्रारींचा पाऊस पडला. दोनेक वर्षांतच उत्पादन मिशिगनला परत आणावे लागले. यात तिहुआनाच्या कामगारांना दोष देणे अन्यायाचे होईल. लायोनेलची इंजिने जुन्या साच्यांतून निघत होती. कोणता साचा कुठे झिजला आहे, कोणता स्क्रू किती आवळायचा, कोणत्या गिअरला किती ग्रीस लावायचे, हे ज्ञान कागदावर नव्हते. ते माणसांच्या हातांत होते. ट्रकमध्ये भरून नेता येण्याजोगे जेवढे होते तेवढेच नेले गेले.

हाँगकाँगहून ग्वांगडोंगला

ब्रिटिश गाड्यांचे आशियात जाणे याहून थोडे आधी सुरू झाले होते. पॅलिटॉय कंपनीने १९७० च्या दशकात मेनलाइन नावाने आणलेली इंजिने हाँगकाँगच्या कादर कंपनीत बनत. कादरची स्थापना १९४८ ची. १९८७ मध्ये तिने फिलाडेल्फियाची जुनी बॅकमन कंपनीच विकत घेतली आणि पुढे ब्रिटिश बाजारातही बॅकमनच्या नावाने पाय रोवले. कालपर्यंत मालकाच्या सांगण्यावरून माल बनवणारा आज स्वतःच मालक झाला.

हॉर्नबीचे उत्पादन तोवर लिव्हरपूलहून केंट परगण्यातील मार्गेट या समुद्रकाठच्या गावी आले होते. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते टप्प्याटप्प्याने चीनला गेले. मार्गेटच्या कामगारांच्या नोकऱ्या गेल्या आणि त्या गावाने मोठी किंमत मोजली. पण या स्थलांतराने मॉडेलांचा दर्जा खालावला, असे म्हणणे खरे नाही. २००० मध्ये आलेल्या हॉर्नबीच्या मर्चंट नेव्ही वर्गाच्या इंजिनाने ब्रिटिश शौकिनांना चकित केले. मार्गेटच्या मजुरीत प्रत्येक कठडा, प्रत्येक नळी वेगळी घडवून हाताने बसवणे परवडत नव्हते. चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात परवडत होते. साच्यातच उठवलेल्या जाड रेषांच्या जागी खऱ्या तारांचे कठडे आले, आणि अक्षरे इतक्या बारीक पॅड-प्रिंटिंगने उमटू लागली की ती वाचायला भिंग लागावे.

या श्रीमंतीची दुसरी बाजूही होती. भाग वाढले, तसे चुकण्याच्या जागाही वाढल्या. शंभर भाग हाताने बसवायचे म्हणजे शंभर ठिकाणी गोंदाचा थेंब कमीजास्त पडू शकतो. खोके उघडल्यावर तळाशी गळून पडलेली पायरी, उलट्या बाजूला बसवलेला बफर, वाकलेला जोडदांडा दिसणे हा नेहमीचा अनुभव झाला.

उत्पादनाची रीतही बदलली. मार्गेटच्या काळात एखादे इंजिन वर्षानुवर्षे बनत राहायचे आणि दुरुस्त्या जागच्या जागी होत. चीनमध्ये ठेक्याने एक खेप काढली जाते, मग साचा गुदामात जातो आणि पुढची खेप कदाचित काही वर्षांनी निघते. तोवर जुळणीच्या ओळीवरची माणसे बदललेली असतात. वसंतोत्सवाच्या, म्हणजे चिनी नववर्षाच्या सुटीला गावी गेलेले अनेक कामगार दुसरीकडे जास्त पगार मिळाला की परतत नाहीत. नव्या हातांना क्लास ३१ काय आणि मर्चंट नेव्ही काय, दोन्ही सारखेच अनोळखी. ज्या देशात ती इंजिने धावली तो देश त्यांनी पाहिलेला नाही. त्यांनी ती ओळखावीत अशी अपेक्षा करणे चूक आहे. ओळखणारा कोणी तरी त्यांच्या शेजारी उभा असायला हवा होता.

या काळात सांदा कान हे नाव पडद्याआड फार मोठे झाले. हॉर्नबी आणि लायोनेलसह एकमेकांच्या स्पर्धक असलेल्या अनेक कंपन्यांची इंजिने याच कारखान्यात बनत. २००८-०९ च्या सुमारास अडचणीत आलेली ही कंपनी कादरने घेतली. म्हणजे हॉर्नबीचा मुख्य पुरवठादार आता तिच्या प्रतिस्पर्ध्याच्या, बॅकमनच्या मालकाच्या हाती गेला. माल रखडू लागला आणि हॉर्नबीला आपले काम अनेक लहान कारखान्यांत विभागावे लागले. याच सुमारास तिच्या मालकीच्या एअरफिक्सची प्लॅस्टिक किटे काही काळ भारतातही बनली. कारखाना बदलला की साचे हलतात, नवे लोक नव्याने शिकतात आणि जुन्या चुका नव्याने होतात.

न दिसणारे तडे

दोष दोन जातींचे असतात आणि त्यांतला फरक समजला की या धंद्याचे सगळे दुखणे समजते. पहिली जात दिसणाऱ्या दोषांची. रंगाचा ओघळ, तुटलेली पायरी, वाकडी छपाई. चाकांमधले अंतर यातच येते. साडेसोळा मिलिमीटर रुंदीच्या रुळांवर दोन चाकांच्या आतल्या बाजूंमध्ये साधारण १४.४ मिलिमीटर अंतर लागते. ते कमी पडले की गाडी सांध्यावर उतरते. अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने १९३० च्या दशकापासून अशी मापे ठरवून दिली आणि ती तपासायला छोटा धातूचा गेजही काढला. हा दोष गिऱ्हाईक घरी बसून मिनिटभरात पकडू शकते आणि सुधारूही शकते.

दुसरी जात हळू उमलणाऱ्या दोषांची. लाइफ-लाइक कंपनीची प्रोटो २००० ही अमेरिकी डिझेल इंजिनांची मालिका चिनी बनावटीची होती आणि सुबकतेसाठी नावाजलेली होती. काही वर्षांनी तिच्यातली इंजिने लंगडू लागली. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एक टक्क असा आवाज आणि एक हिसका. कारण चाकांच्या आसावर होते. दोन रुळांच्या पद्धतीत डाव्या आणि उजव्या रुळात विजेची दोन विरुद्ध टोके असतात. त्यामुळे आस सलग धातूचा ठेवता येत नाही. तो मधून तोडून दोन अर्धे तुकडे प्लॅस्टिकच्या नळीत दाबून बसवतात आणि त्याच नळीवर गिअरचे दाते असतात. एका लहानशा प्लॅस्टिकच्या भागाने फिरवायचे, वीज अडवायची आणि दोन अर्धांना घट्ट धरायचेही, अशी तिहेरी कामगिरी. छिद्र केसभर लहान असले, तर ती नळी आयुष्यभर ताणलेली राहते. प्लॅस्टिक हळूहळू हार मानते आणि दात्यांच्या खाचेत उभा तडा जातो. हजारो शौकिनांनी स्वतः चाके काढून अथर्न कंपनीचे गिअर त्या जागी बसवले.

आता कारखान्याच्या दारावरची तपासणी पाहू. खेपेतून ठरावीक संख्येचे नग उचलायचे, ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त सदोष निघाले तर खेप नाकारायची, नाहीतर जहाजावर चढवायची, ही नमुना-तपासणीची पद्धत जगभर चालते. तिचा प्रसार अमेरिकी सैन्याच्या खरेदीतून झाला. काडतुसांसाठी ती उत्तम आहे. छोट्या इंजिनाच्या बाबतीत मात्र ती फक्त पहिल्या जातीचे दोष पकडते. तडा जाणार असलेला गिअर त्या दिवशी अखंड असतो. शिसे मिसळलेली चासी त्या दिवशी सरळ असते. निरीक्षकाने कितीही डोळे फाडून पाहिले तरी त्याच्या हाती काही लागणार नाही. हे दोष पकडायचे तर भट्टीपाशी उभे राहावे लागते. ओतण्याआधी धातूचा नमुना वर्णपट-यंत्राखाली घालावा लागतो, भंगार वेगळे ठेवावे लागते, गिअरच्या छिद्राचे माप दर तासाला घ्यावे लागते. डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांनी १९५० मध्ये जपानी उद्योजकांपुढे व्याख्याने दिली, तेव्हा त्यांच्या सांगण्याचा गाभा हाच होता: दर्जा प्रक्रियेत घडवावा लागतो, शेवटच्या टेबलावर निवडून मिळत नाही.

रंगातले शिसे, कुलूपबंद दारे

जून २००७ मध्ये अमेरिकेतल्या आरसी२ कंपनीने थॉमस आणि त्याच्या सोबत्यांच्या लाकडी रेल्वेचे सुमारे १५ लाख नग परत मागवले. चीनमध्ये बनलेल्या या इंजिनांच्या रंगात शिसे सापडले होते. दोन-तीन वर्षांची मुले ही इंजिने तोंडात घालतात आणि शिसे त्यांच्या वाढत्या मेंदूला कायमची इजा करते. जस्तात मिसळून चासी फोडणारा धातू आता रंगातून बाळाच्या तोंडापर्यंत पोहोचला होता. वाट तीच होती. कच्चा माल कुठून आला हे वेळेत कोणी पाहिले नाही आणि खोक्यावर नाव छापणाऱ्याला उशिरा जाग आली. पुढच्याच वर्षी अमेरिकेत खेळण्यांच्या सुरक्षिततेचा कडक कायदा झाला. भारतानेही १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे केले. हे कायदे मुलांना विषापासून, आगीपासून, टोकदार कडांपासून वाचवतात आणि ते आवश्यकच आहेत. इंजिन दहा वर्षे टिकेल का, हे मात्र कोणताही कायदा पाहत नाही.

खोक्याबाहेरच्या आणखी एका हिशेबाकडे पाठ फिरवून हा मागोवा पुरा होणार नाही. १० मे १९९३ रोजी बँकॉकजवळच्या कादर खेळणी-कारखान्याला आग लागली. हाँगकाँगच्या त्याच कादर समूहाशी जोडलेल्या या कारखान्यात मऊ खेळणी बनत. दारे कुलूपबंद होती, इमारतीच्या लोखंडी खांबांना आगीपासून संरक्षण नव्हते आणि ती थोड्याच वेळात कोसळली. १८८ माणसे मेली, त्यांत बहुतेक तरुण मुली होत्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात शेंझेनमधल्या झिली खेळणी-कारखान्याच्या आगीत ८७ कामगार गेले. तिथेही सुटकेचे मार्ग बंद होते. यातल्या एकाही कारखान्यात आपली इंजिने बनत नव्हती, असे म्हणून सुटका करून घेता येत नाही. जो मालक बाहेर पडण्याच्या दाराकडे लक्ष देत नाही, तो भट्टीतल्या भंगाराकडे लक्ष देईल, असे मला वाटत नाही. कामगाराचा जीव आणि मालाचा दर्जा यांच्याकडे होणारे दुर्लक्ष एकाच मुळातून येते.

मालक कुठे उभा आहे

मेर्कलिनचे उदाहरण शेवटी घेतो, कारण त्यात प्रश्न आणि उत्तर दोन्ही आहेत. या कंपनीनेही काही काम चीनला दिले. गुंतवणूकदारांच्या हाती गेलेली मेर्कलिन २००९ च्या फेब्रुवारीत, स्थापनेच्या दीडशेव्या वर्षी, दिवाळखोरीत गेली. त्यातून सावरताना तिने चीनमधले बरेचसे काम परत आणले. सगळे काम ग्योपिंगनला मात्र आणले नाही. मोठा भाग हंगेरीतील ग्यॉर शहरातल्या तिच्या कारखान्यात बनतो. ग्यॉर जर्मनीत नाही, पण तो कारखाना मेर्कलिनचा आहे. फोरमन मेर्कलिनचा नोकर आहे आणि धातूत गडबड दिसली तर काम थांबवण्याचा अधिकार मेर्कलिनकडेच आहे. कॅनडाची रॅपिडो ही लहान कंपनी चीन सोडून गेली नाही. उलट तिने चीनमध्ये स्वतःचा कारखाना उभारला. जपानच्या कातोने आपले काम जपानमध्ये, आपल्याच हाताखाली ठेवले आणि तिची इंजिने सुरळीत चालण्यासाठी जगभर नावाजली जातात. तिघांचे पत्ते वेगळे, धोरण एकच. जो खोक्यावर नाव छापतो त्याने भट्टीपाशी उभे राहायचे.

आपल्याकडे छोट्या रेल्वेचा शौक लहान आहे, पण खरा आहे. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी आयुष्यभराच्या ध्यासातून उभारलेले मिनिएचर रेल्वे म्युझियम १९९८ पासून लोकांसाठी खुले आहे. तिथे गाड्या काचेआड मांडून ठेवलेल्या नसतात, प्रेक्षकांसमोर चालवून दाखवल्या जातात. गाडी चालवून पाहणाऱ्यालाच गिअरचा टक्क ऐकू येतो. आपल्या बाजारात परदेशी इंजिन घ्यायचे तर ते महाग पडते, आणि बिघडले तर परत पाठवण्याचा खर्चही मोठा. म्हणून भारतीय गिऱ्हाइकाने विक्रेत्याला खोक्यावरचा देश विचारून थांबू नये. सुटे गिअर मिळतात का, चासी फुटली तर कंपनी बदलून देते का, हे इंजिन कोणत्या खेपेतले आहे, हे विचारावे. या प्रश्नांना ज्या कंपनीकडे उत्तर आहे, तिने आपला कारखाना कुठेही ठेवला तरी चालेल.

न्यूरेंबर्ग, लिव्हरपूल, तिहुआना, मार्गेट, ग्वांगडोंग. सव्वाशे वर्षांत हा धंदा अनेकदा देश बदलत फिरला आणि दर वेळी लोकांनी दोषाचा पत्ता नकाशावर शोधला. शिशाला नकाशा माहीत नाही. भट्टीत काय पडते आहे हे पाहण्याची आणि चुकीचे पडले तर ओतकाम थांबवण्याची जबाबदारी कोणाची, हे जिथे ठरलेले नसते तिथे ते आत येते. ते लिव्हरपूलमध्ये ठरलेले नव्हते म्हणून तिथेही आले. ग्राहक म्हणून आपण सर्वांत आधी आग्रह धरायला हवा तो ही जबाबदारी नावानिशी सांगण्याचा. दर्जाची दुसरी कोणतीही हमी या सव्वाशे वर्षांत टिकलेली नाही.